स्पॅनिशची डबलबारी

स्पॅनिश म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ! अंधेरीच्या कॉलेजात एस.वाय.ला स्पॅनिश भाषा आणि वाङ्मय घेणारा अख्ख्या जोगेश्वरीत मी एकटाच. चाळीत मी नुसता खोकलो तरी लोकांना वाटायचं, खोकला परदेशी आहे!

अडचण एकच होती. वर्गात विद्यार्थी दोन, मी आणि सुगंधा. शिकवायला फुर्तादो बाई. कविता शिकवताना त्या स्वतःच रडायच्या, आणि आम्हाला त्या फार आवडायच्या.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत प्रिन्सिपॉलांनी बाईंना बोलावलं. "शनिवारी स्पेनच्या वकिलातीतले साहेब येतायत. वर्ग भरलेला दिसला तर ठीक, नाहीतर जूनपासून स्पॅनिश बंद!"

स्पॅनिश बंद म्हणजे बाईंची नोकरी बंद! बाई वर्गात येऊन रडल्या, आणि या वेळी कवितेचा काही संबंध नव्हता. मला राहवेना.

"बाई, शनिवारी वर्ग भरला समजा!"

"कुठून भरणार रे नंदू?" सुगंधा म्हणाली. "भाड्याने आणणारेस काय?"

"तू बघच ना!"

आमच्या चाळीत भिकाजीबुवांचं भजनी मंडळ होतं. गिरण्या बंद पडल्यापासून मंडळींच्या दुपारी मोकळ्याच जायच्या. मी बुवांना गाठलं. अभ्यासातली एक कविता देवनागरीत लिहून दिली आणि सांगितलं, मागच्या बाकांवर बसायचं आणि सगळ्यांनी मिळून ही म्हणायची, बस्स.

"ह्येच्यात देव खंयचो?" बुवांनी विचारलं.

"देव नाही बुवा. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची बायको वाट बघतेय."

बुवांचे डोळे भरून आले. "अरे बाबा! मगे हेका गजरच व्हयो! आणि समोर कोण आसा?"

"स्पेनचे साहेब. मोठे जाणकार आहेत."

बुवा गंभीर झाले. "असां काय? मगे जोरात तयारी करूक व्हयी."

मला वाटलं, काय माणूस आहे! कवितेची केवढी ही तळमळ!

शनिवारी मंडळ आलं आणि माझी वाट लागली. 'कॉलेजच्या पोरांसारखे या' असं मी म्हटलं होतं. मंडळातले धोंडिरामकाका मुलाची बेलबॉटम घालून आले होते, ती मांड्यांना इतकी घट्ट की त्यांना चालूच देईना. बुवांना गॉगल! आणि बगलेत पखवाज, हार्मोनियम, झांजा! सुगंधाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की महिनाभर वळ राहिला.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल स्पेनच्या साहेबांना घेऊन आत आले. बुवांच्या पांढऱ्या मिशा बघून प्रिन्सिपॉल अडखळले.

"आपण... कितव्या वर्षाला?"

"एकसष्टाव्या!" बुवा म्हणाले.

फुर्तादो बाईंनी घाईघाईने कविता सुरू करायला सांगितलं. पखवाजावर थाप पडली. आणि त्या वाट बघणाऱ्या बायकोचं दुःख असं काही उसळलं की खिडक्यांची तावदानं थरथरली! कॉमर्सची पोरं व्हरांड्यात जमली. कॅन्टीनवाला भजी तळायची सोडून आला. प्रिन्सिपॉलांनी डोकं धरलं.

गजर संपला. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच बुवा उठले आणि त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं.

"बुवानू, आता तुमची बारी! गप रवलात तर हारलात!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोकणात भजनाची डबलबारी असते. एका बुवाने गायचं आणि समोरच्याने त्याला गाऊन उत्तर द्यायचं! 'समोर कोण' म्हणजे बुवांनी प्रतिस्पर्धी विचारला होता, आणि मी त्यांना थेट स्पेन दिला होता!

"हे काय म्हणतायत?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

आता माझी वेळ होती. मी अस्खलित स्पॅनिशमध्ये त्यांना डबलबारीचे सगळे नियम समजावले.

"सॉरी?" साहेब म्हणाले.

मी पुन्हा सगळं समजावलं. साहेब सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी बुवा पुढे झाले आणि त्यांनी झांजा सरळ साहेबांच्या हातात कोंबल्या.

प्रिन्सिपॉलांचा रंग उडालेला, फुर्तादो बाईंनी डोळे मिटून घेतलेले.

साहेबांनी झांजांकडे पाहिलं. टाय सैल केला. आणि खणखणीत आवाजात त्यांच्या गावच्या कोळ्यांचं गाणं धरलं! पखवाज लगेच मागे धावला. बुवांनी उत्तर दिलं, साहेबांनी त्यावर उत्तर दिलं. पाचव्या बारीला धोंडिरामकाका बेलबॉटम सांभाळत नाचत होते आणि त्यांच्यासोबत प्रिन्सिपॉल टाळ्या वाजवत होते! खिडकीतून एक पोरगा ओरडला, "यार, या वर्गाला ॲडमिशन कुठे मिळते?"

प्रिन्सिपॉलांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "जूनपासून स्पॅनिश चालू! आणि मोठ्या खोलीत!" बाई पुन्हा रडल्या, पण हसत हसत. सुगंधा मला म्हणाली, "झकास रे नंदू!" मला वाटलं, आता आपला पुतळाच उभारतील.

साहेब निघाले. त्यांनी बुवांना मिठी मारली. बुवांचे उच्चार अगदी साहेबांच्या आजोबांसारखे आहेत म्हणे! मग माझ्याकडे वळून त्यांनी माझा हात प्रेमाने हातात घेतला आणि सावकाश, मला नीट कळेल अशा इंग्रजीत म्हणाले,

"मित्रा, एवढा सुंदर वर्ग आहे तुमच्याकडे. तूसुद्धा स्पॅनिश शिकायला का येत नाहीस?"

मी म्हटलं, "बघतो. जूनपासून."