काठीवरच्या पावत्या

सिंगापुरात आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये लोक बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालतात. बापट पावत्या घालतात. हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर काठी आडवी. मंजूर पावती चिमट्याने काठीवर, नामंजूर खाली सतरंजीवर. या माणसावर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

आम्ही दोघेही अमेरिकेत राहून, तिथलं नागरिकत्व घेऊन इकडे आलेलो. त्यामुळे जगात कुठेही कमवा, दरवर्षी तिथल्या सरकारला हिशेब द्यावाच लागतो. बापट निवृत्त अकाउंटंट. ओळखीच्यांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. फुकट, म्हणून अपमानही करतात. "पावती बोलते, माणूस बडबडतो," हे त्यांचं पालुपद.

माझी मुलगी सई अमेरिकेत शिकते. तिच्या कॉलेजसाठी तिथे काढलेल्या बचत खात्यातले पैसे शिक्षणावर खर्च केले, तर कर नाही. बापटांनी फी टांगली, खोलीभाडं टांगलं, लॅपटॉपही टांगला. मग विमानाचं तिकीट सतरंजीवर टाकलं.

"हे शिक्षण नव्हे. एवढ्या रकमेतल्या नफ्यावर कर, वर दंड."

"अहो, दिवाळीला घरी आली होती. परत कॉलेजात काय पोहत जाणार?"

"पोहत गेली तरी नियमात बसत नाही."

सुट्या भागांच्या धंद्यात मी भल्याभल्यांना वाकवलंय. म्हटलं, "निम्मं धरा. येणं माझं, जाणं कॉलेजचं."

"ही काय कोथिंबिरीची जुडी आहे?"

मी तिथूनच सईला फोन लावला. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट पे लाह! अंकल बरोबर आहेत."

घरचा साक्षीदारच फुटला! माझं डोकं फिरलं. "स्वतःच्या मुलाच्या वेळी काय केलंत? का तेव्हा नियम झोपले होते?"

बापट चष्मा पुसत राहिले. "अजयच्या चारही वर्षांच्या पावत्या काठीवरच होत्या. एकही खाली पडली नाही. एका पैचा कर लागला नाही."

"मग! स्वतःपुरती बरी हुशारी चालते!"

"हुशारी कसली?" ते म्हणाले. "तिकीटच नव्हतं. तो आलाच नाही."

वरचा पंखा फिरत होता, काठीवरच्या पावत्या फडफडत होत्या. माझ्या तोंडात पुढचा भाव तयार होता, तो मी गिळला.

"किती भरायचं, सांगा," मी म्हटलं. रागातच म्हटलं.

त्यांनी आकडा सांगितला. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले, सतरंजीवरचं तिकीट उचललं, सरळ केलं आणि काठीच्या पार टोकाला चिमटा लावून टांगलं.

"अहो, ते मंजूर नाही ना?"

"नाहीच. कर भराच," बापट म्हणाले. "पण जरा वेळ राहू दे तिथे."