पहिल्या मानाचा फोटो

स्नेहलच्या साखरपुड्याला फोटोग्राफर सांगायचा नाही, हे तिच्या काकानं, म्हणजे गोकुळनं, परस्पर ठरवून टाकलं. नवा डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून तो मोबाइलवर धडे बघून फोटोग्राफी शिकत होता. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून त्यानं इतके सूर्यास्त टिपले होते की सूर्यही कंटाळला असेल. "माणसं काढता येत्यात का तुला?" असं थोरल्या भावानं, सुदर्शननं, विचारलंही. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कुणाचं ऐकत नसतो.

कार्यक्रम संध्याकाळचा, राजुरीत घरापुढच्या अंगणात. उभ्या राहणाऱ्याच्या पाठीशी मावळता सूर्य यावा म्हणून गोकुळनं मांडववाल्याकडून स्टेज फिरवून घेतलं. पाहुणे यायच्या आधी उजेड बघायला त्यानं ढेरपोट्या, टोपीवाल्या आचारी सोमाजीला हातातल्या तांब्यासकट स्टेजवर उभं केलं, एक फोटो काढला आणि खूश होऊन त्याला परत भट्टीकडं पिटाळलं.

फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेले तेव्हा कळलं. आकाश सुरेख नारिंगी आलं होतं आणि त्यापुढं माणसं काळी ठिक्कर. नवरी कोण, नवरा कोण, पत्ता लागेना. स्नेहलची आई प्रतिभा दिराला एवढंच म्हणाली, "भावजी, माझ्या लेकीच्या साखरपुड्याला सावल्या आल्या व्हत्या का?"

इथवर लाज घरातली होती. पण सोयरिकीत टोपी, उपरणं, नारळ देऊन मान करतात आणि त्याचा फोटो लागतोच. नवऱ्याकडचे दोन कर्ते, मंचरचे चांगदेवमामा आणि कळंबचे चुलते दादाभाऊ, दोघंही पोट सुटलेले आणि टोपीवाले. तंटा नको म्हणून सुदर्शननं दोघांना एकदमच नारळ दिले होते. मग पहिला कोण, हे फोटोवरून ठरणार. आणि सगळ्यात पहिल्या फोटोत एकच टोपीवाला, हातात काहीतरी गोल घेऊन उभा. दोघांनीही तो फोटो आपलाच म्हणून सांगितला. दोघांचं बोलणं बंद झालं. पहिला मान कबूल होत नाही तोवर लग्नाला पाऊल ठेवणार नाही, असा मामांचा निरोप आला, चुलत्यांचाही आला. नवऱ्याचे वडील म्हणाले, मग तारीखच पुढं ढकलू.

स्नेहलनं काकाला एका शब्दानं दुखावलं नाही. ती जेवायची थांबली, आणि त्यामुळं गोकुळला घास गिळता येईना.

तो मंचरला गेला. आपल्याला माणसांचे फोटो काढता येत नाहीत, एवढं एकच खरं वाक्य सांगायचं होतं. पण मामांच्या दारात उभं राहिल्यावर ते वाक्य काही तोंडातून निघेना.

"मामा, त्यो फोटो तुमचाच हाये," तो खाली बघत म्हणाला. "फक्त बोलू नका कुटं. दादाभाऊंना वाईट वाटंल."

परतीच्या वाटेवर कळंब लागतं. तिथं उतरून त्यानं दादाभाऊंनाही हेच सांगितलं, फक्त नाव बदललं. दोघंही खूश झाले. लग्नाची तारीख राहिली, आणि गोकुळला स्वतःचीच किळस आली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. गोकुळ कार्यालयाच्या फाटकाशी पोचला. डाव्या हाताला फ्लेक्स, स्वागतोत्सुक चांगदेवमामा. उजव्या हाताला फ्लेक्स, स्वागतोत्सुक दादाभाऊ. दोन्हींवर तोच काळा फोटो, दोन पुरुष उंच. मामा आणि चुलते आपापल्या फ्लेक्सखाली उभे राहून समोरच्याचा फ्लेक्स बघत होते. मग दोघांनीही गोकुळकडं बघितलं.

गोकुळ वर बघत होता. एवढ्या मोठ्या आकारात त्या नारळाला गळा होता, काठही होता.

तेवढ्यात आतून सोमाजी आचारी पाणी घेऊन आला. त्यानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बघितलं आणि संकोचून गेला.

"गोकुळभाऊ, माजं दोन-दोन बोर्ड कशापायी लावलं? येक लई झाला आसता."

मामांनी सोमाजीच्या हातातला तांब्या बघितला, मग फ्लेक्सवरचा. दादाभाऊंनीही बघितला.

"म्हंजी पावणं," शेवटी मामा म्हणाले, "पयला मान तुमचाबी न्हाई."

"न्हाई," दादाभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं.

दोघं खांद्याला खांदा लावून आत गेले. गोकुळ फाटकातच राहिला. सुदर्शननं सांगितलेला फोटोग्राफर कॅमेरा घेऊन त्याच्यापुढं आला आणि म्हणाला, "काका, जरा उजेडाकडं तोंड करा, म्हंजी चेहरा येईल."

गोकुळनं ऐकलं नाही. तो मावळत्या सूर्याकडं नीट पाठ करून उभा राहिला.