डेलमारच्या खोक्यातले सुटे भाग

"दुकानातून आयती रायफल विकत घेणारा माणूस उद्या आयते दातही विकत घेईल!" डेलमार हॉस्टेटरने न्याहारीच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केले, आणि समोर बसलेल्या सासऱ्यांच्या कवळीने स्क्रॅपलचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वडीचा, घास चावणे क्षणभर थांबवले.

सासऱ्यांना, म्हणजे क्लेटन यॉस्ट यांना, पेनसिल्व्हेनियाच्या त्या साऱ्या खोऱ्यात पॅप म्हणत. त्यांच्या रानात, टेकडीच्या माथ्यावर, एका ओकवर मचाण होते. हरणांचा हंगाम उघडला की पहिल्या दिवशी त्यावर कोण बसणार, हे आदल्या आठवड्यात ठरे. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडायच्या. ज्याची कागदावरची पाचही छिद्रे पाव डॉलरच्या एका नाण्याखाली झाकली गेली, की मचाण त्याचे. डेलमार लग्नापासून अकरा वर्षे खाली दलदलीच्या काठी, पडक्या संडासामागे बसत आला होता. तिथे हरीण येत नसे. वास तेवढा नेमाने येई.

यंदा त्याने सुटे भाग मागवून रायफल स्वतःच्या हातांनी जुळवली. पहिल्या चाचणीत छिद्रे झाकायला नाणे पुरले नाही, बशी लागली.

"नळी! ही नळी नव्हे, पन्हाळ आहे पन्हाळ!"

नळी बदलली. बशीच्या जागी ताटली लागली.

"चाप! हा ओढायचा म्हणजे चिखलात रुतलेली गाय ओढायची!"

नवा चाप आला तो इतका हलका, की रागाने नुसते पाहिले तरी सुटेल. आणि डेलमारला दुसऱ्या तऱ्हेने पाहता येतच नव्हते. मग दस्ता बदलला. मग दुर्बीण. काढलेला प्रत्येक भाग तो गॅरेजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भिरकावी आणि हातांचे तेलही न पुसता विक्रेत्याच्या पानावर अभिप्राय लिही: एक तारा! तोही नाइलाजाने!

"अरे, चाप ओढताना तू डोळे मिटतोस," त्याची बायको वेरना एकदा हळूच म्हणाली.

"रागाने मिटतात!"

"मग राग बदलून बघ की. तो कुठे मिळतो का मागवायला?"

"वेरना!"

"बरं बाबा. हे खोकं मी घेऊ?"

"घे! भंगारात घाल, नाहीतर ओढ्यात बुडव!"

नोव्हेंबरच्या उन्हाला त्या खोऱ्यात ऊब नसते, नुसता रंग असतो. त्या रंगात नळी, चाप, दस्ता आणि दुर्बीण, चार नाकारलेली माणसे बाकावर बसावीत तशी एकमेकांना खेटून मुकाट पडली होती. वेरनाने खोके छातीशी धरून उचलले.

निवाड्याच्या दिवशी डेलमारने शेवटचे अस्त्र काढले. नळीच्या तोंडावर भोकाभोकांची एक तोटी बसवली होती. गोळीमागून येणारा वारा बाजूंना फेकून ती खांद्याला बसणारा धक्का कमी करते, असे तिच्या वेष्टनावर लिहिलेले होते. बाजूला कोण बसले असेल, याविषयी वेष्टन गप्प होते. बाजूला पॅप कॉफी पीत बसले होते.

धडाम!

डेलमारच्या खांद्याला काहीच जाणवले नाही. पॅपची टोपी मात्र कुंपणापलीकडे गेली, कॉफी दाढीत गेली आणि कवळी गवतात.

"आधी माझे दात हुडका!" पॅप गरजले. "आयते आहेत, पैसे पडलेत!"

दात सापडले. उरलेल्या चार गोळ्या डेलमारने दात-ओठ खात झाडल्या. या वेळी ताटली पुरली नाही. केक भाजायचा अख्खा डबा पालथा घालावा लागला.

मग वेरना एक रायफल घेऊन नेमबाजीच्या बाकावर बसली. तिने पाच गोळ्या सावकाश झाडल्या. पॅपने कागदावर नाणे ठेवले. नाण्याबाहेर काहीच दिसेना.

"मचाण वेरनाचं," पॅप म्हणाले.

"ही रायफल कुठून आणलीस?" डेलमारचा आवाज फाटला.

"तुझ्या खोक्यातून. आजोबांच्या रायफलीचा सांगाडा माळ्यावर पडला होता, तुझ्या रायफलीच्याच बनावटीचा. नळी पॅपने बसवून दिली."

"पॅप! तुम्हीसुद्धा?"

"मी म्हातारा माणूस," पॅप कवळी पुसत म्हणाले. "मला खोकं दिलं, मी जुळवलं."

"आणि कुठला भाग चांगला, हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच की! तुझे सगळे अभिप्राय वाचले. ज्याला सर्वांत जास्त शिव्या, तो आधी उचलला."

हंगामाच्या पहिल्या सकाळी शिकाऱ्यांच्या भगव्या जाकिटातला डेलमार पुन्हा संडासामागे बसला होता. तासभर काहीच हलले नाही. अखेर त्याने फोन काढला आणि तोटीसाठी एक तारा दाबला. लिहिता लिहिता त्याला टोपी आठवली, कॉफी आठवली, कवळी आठवली, आणि तो उभा राहून आभाळाकडे पाहत मोठ्याने ओरडला, "फसवणूक! निव्वळ फसवणूक!"

दलदलीतल्या झुडपांतून एक भले मोठे शिंगाळे हरीण दचकून उठले. अकरा वर्षांत पहिलेच! ते त्याच्यापासून दहा पावलांवर होते. डेलमारच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती. हरणाने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि ते टेकडीच्या माथ्याकडे सुसाट निघाले.

थोड्या वेळाने ओकवरून एकच बार ऐकू आला.

डेलमारने खाली बसून अभिप्राय पाठवून टाकला. मग फोन थरथरला. त्याच्या ताज्या अभिप्रायाखाली कोणीतरी लिहिले होते: "तोटी काढलीस की खोक्यात टाक. आणि दोर घेऊन वर ये. मला एकटीला ओढवत नाही."