लोणच्याच्या बरणीतला सूर्यास्त

गोपाळराव माढेकरांना विजेतलं काहीएक कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हती. ते मिलच्या वीजखात्यात कारकून होते. बल्ब किती आले आणि किती फुटले एवढं सांभाळलं की त्यांचं काम संपलं. पण खात्याच्या नावात वीज होती, त्यामुळे आळीतले लोक त्यांना विजेतला जाणकार समजत. गोपाळरावही तो समज खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत. (आयता मिळालेला मान कोण परत करतो?)

घरात मात्र त्यांची पत फारच पातळ होती. अनसूयाबाईंनी लग्नानंतर आधी त्यांना भाजी आणायला सांगणं सोडलं, मग खिळा ठोकायला सांगणं सोडलं, आणि अलीकडे तर ताटावर बसल्यावर "आमटी कशी झालीय?" एवढंही विचारणं सोडलं होतं. हे गोपाळरावांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून मिलच्या नाट्यमंडळानं यंदाच्या नाटकाचे दिवे त्यांच्या गळ्यात घातले, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. एकदा तरी बायकोनं चारचौघींत म्हणावं की हे माझ्या नवऱ्यानं केलं, एवढीच त्यांची हौस होती.

नाटकात राजाचं काम हेडक्लार्क शिवप्पांकडे होतं. हा राजा शेवटच्या अंकात लढाईत घायाळ होतो, "सूर्य मावळेल तेव्हाच आम्ही देह ठेवू" अशी प्रतिज्ञा करतो आणि मग बोलत बोलत मरतो. आजवर हा सूर्य म्हणजे एक गॅसबत्ती असे. मंडळाचा पडदा ओढणारा मकदूम तिच्यापुढं हळूहळू घोंगडी धरी, की झाला सूर्यास्त. पण यंदा थेटरात वीज आली होती आणि शिवप्पांना सूर्यही विजेचा हवा होता.

"माढेकर, सूर्य सावकाश बुडायला पायजे की," शिवप्पा म्हणाले. "भसकन गेला, तर मी मरू कसा?"

"त्याची काळजी नको. डिमर बसवतो," गोपाळराव म्हणाले.

हा शब्द त्यांनी एका फिरत्या नाटक कंपनीच्या दिवेवाल्याकडून उचलला होता. त्याची युक्ती सोपी होती. चिनी मातीची मोठी बरणी घ्यायची, तिच्यात मिठाचं पाणी भरायचं. एक पत्रा बुडाशी ठेवायचा, दुसरा वरून दोरीला टांगायचा, आणि दोन्ही पत्र्यांना दिव्यांच्या तारा जोडायच्या. मिठाच्या पाण्यातून वीज चालते. वरचा पत्रा खाली सोडला की दिवे लख्ख आणि वर ओढला की मंद. मीठ किती घालायचं, हे मात्र दिवेवाल्यानं सांगितलं नव्हतं आणि गोपाळरावांनी विचारलं नव्हतं.

प्रश्न बरणीचा होता. एवढी मोठी बरणी सबंध मंडळात एकाच्याच घरी होती, आणि ती अनसूयाबाईंच्या लोणच्याची होती. बरणी त्यांच्या माहेरची, नातेपुत्याची. तिला सोवळ्याखेरीज कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि गोपाळरावांचा तर सोवळ्यातलाही खपत नसे. विचारलं असतं तर नकार ठरलेला होता. म्हणून गोपाळरावांनी न विचारण्याचा सरळ मार्ग धरला. नाटकाच्या दिवशी, रविवारी दुपारी, अनसूयाबाई शेजारी केराबाईंकडे वेणी घालून घ्यायला गेल्या. तेवढ्यात त्यांनी तळाशी उरलेलं लोणचं एका पातेल्यात उपसलं, पातेलं कॉटखाली सारलं, बरणीत तांब्याभर पाणी फिरवून ओतून दिलं आणि ती धोतरात गुंडाळून थेटरात नेली. त्यांना जबरदस्त पडसं झालं होतं. बरणी आतून स्वच्छ झाली असं त्यांना मनापासून वाटलं.

थेटरच्या वायरमननं तारा जोडून दिल्या आणि तो लग्नाला टेंभुर्णीला निघून गेला. मग गोपाळरावांनी बरणीत मीठ घातलं. कमी पडायला नको, म्हणून आणखी घातलं. (लोणच्याचा खार आधीच मुरलेला होता, तो त्यांच्या हिशेबातच नव्हता.)

पहिले अंक नीट पार पडले. दिवे नुसते चालू ठेवायचे होते आणि तेवढं गोपाळरावांना येत होतं. ते पडद्याच्या फटीतून बायकांच्या बाजूला सारखे बघत होते. अनसूयाबाई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या आणि चक्क दिव्यांकडे बघत होत्या. गोपाळरावांचा ऊर भरून आला.

शेवटच्या अंकात राजा कोसळला. गोपाळरावांनी हलकेच दोरी ओढली. दिवे होते तसेच राहिले. आणखी ओढली, तरी सूर्य ढळेना; मीठ फार झालं होतं आणि वीज अडतच नव्हती. इतका वेळ वीज खेळून बरणीतलं पाणी तापलं होतं आणि आता ते चांगलं खदखदू लागलं.

"साहेब," मकदूम नाक वर करून म्हणाला, "वास येतोय."

"वायर जळतेय का रे?"

"वायर न्हाय. हिंगाचा येतोय. मेथी बी हाय. कैरीचं लोणचं असतं न्हवं, तसला."

गोपाळरावांना कसलाच वास येत नव्हता. थेटराला मात्र येत होता. पिटात चुळबुळ सुरू झाली. कुणी डबा उघडलाय का म्हणून लोक एकमेकांच्या मांडीकडे बघू लागले. शिवप्पा नाटकाच्या दिवशी उपाशी राहत, त्यांची तर वाट लागली. ते मरणाचं भाषण बोलत होते आणि दर वाक्याला आवंढा गिळत होते.

"आता या जगात आम्हाला काही नको," राजा म्हणाला.

"भाकरी तरी घ्या, महाराज," पिटातून कुणी तरी म्हणालं.

गोपाळरावांनी पुन्हा फटीतून पाहिलं. अनसूयाबाईंची जागा रिकामी होती. मेथी जराशी करपवून घालायची ही त्यांच्या माहेरची रीत, आणि तो वास त्या हजारांत ओळखत. पुढच्या क्षणी त्या विंगेत उभ्या होत्या.

"बरणी कुणाला विचारून आणलीत?"

"हळू बोल. आणि हात लावू नकोस, तिच्यात वीज आहे."

"वीज असू दे. लोणचं कुठं आहे?"

"आहे की, घरीच आहे," असं म्हणून गोपाळरावांनी हात उडवला. त्या हातात दोरी होती. पत्रा पाण्याबाहेर आला आणि रंगभूमीवर काळोख झाला. शिवप्पांनी सुटलो म्हणून मान टाकली.

"घरी कशात?"

"पातेल्यात," गोपाळराव म्हणाले आणि त्यांचा हात खाली आला. भर दुपार झाली. शिवप्पांनी एक डोळा उघडला, सूर्य पाहिला आणि निमूटपणे पुढचं वाक्य सुरू केलं.

"कोणत्या पातेल्यात?"

"पितळेच्या." हात वर गेला, काळोख झाला, राजा मेला.

"कल्हई होती का त्याला?"

पितळेला कल्हई नसली की आंबट पदार्थ नासतो, हेच गोपाळरावांना ठाऊक नव्हतं. ते गारठले आणि हात पुन्हा खाली आला. राजा उठून बसला. लोक हसून हसून बाकांवर आडवे होत होते.

"कळकलं असेल सगळं. फेकून द्यावं लागणार," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून गोपाळरावांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांच्या हातून दोरी सुटली, पत्रा तळाच्या पत्र्यावर आदळला, फाटकन आवाज झाला आणि सबंध थेटरातले दिवे गेले.

"एकदाचा मेलो," अंधारात शिवप्पांचा आवाज आला. मकदूमनं पडदा पाडला आणि गॅसबत्ती शोधायला गेला.

घरी जाताना अनसूयाबाई पुढे आणि बरणी खांद्यावर घेतलेले गोपाळराव मागे, असे दोघं चालले. ती वाट गोपाळरावांना कधी एवढी लांब वाटली नव्हती. आपण बायकोच्या नजरेतून कायमचे उतरलो, याची त्यांना खात्री पटली होती.

सकाळी ते अंगणात दात घासत होते. अनसूयाबाई बरणीत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी वास घेतला, आतून बोट फिरवलं, पुन्हा वास घेतला.

"अहो, इकडे या. दरसाल राख लावली, चिंच लावली, उन्हात ठेवून पाहिली, पण हिचा जुनाट वास काही जात नव्हता. आज नावाला उरला नाही. हे तुमच्या विजेनं झालं?"

"दुसऱ्या कशानं होणार?" गोपाळराव ताठ होऊन म्हणाले.

"मला वाटलं नव्हतं हो, तुम्हाला असलं काही येत असेल," अनसूयाबाई म्हणाल्या. लग्नानंतर त्या प्रथमच त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. मग त्या लगबगीनं शेजारी गेल्या आणि हे माझ्या नवऱ्यानं केलं, असं सांगत सबंध आळी फिरून आल्या. गोपाळराव त्या दिवशी ऑफिसात शिवप्पांच्या शिव्या हसतमुखानं खात होते.

संध्याकाळी घरी आले, तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून आळीभरच्या बरण्या मांडल्या होत्या, आणि केराबाई आणखी एक घेऊन उभ्या होत्या.

"तुमी बरण्या लई झ्याक धुता म्हनं," केराबाई म्हणाल्या. "माजी तुपाची हाय. सवडीनं घासली तरी चालंल."