नीळ घातलेला उजेड

सासूबाई दातवाल्या जावयांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, तेव्हा रंगवाल्या जावयांनी तोंडभर हसून दार लावून दिलं. हसू उसनं होतं. दार मात्र मनापासून आपटलं होतं.

सासूबाईंना दोन जावई. थोरल्यांचं रंगाचं दुकान होतं आणि धाकट्यांचा दातांचा दवाखाना, म्हणून सगळ्या घरात एक रंगवाले आणि दुसरे दातवाले. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. एकाने घेतली म्हटल्यावर दुसऱ्याला राहवलं नव्हतं. आधी कोणी घेतली यावर अजून एकमत झालेलं नाही.

गाड्या सारख्या असल्या तरी सासूबाई इतकी वर्षं रंगवाल्यांच्याच गाडीतून जायच्या. बँकेत, बाजारात, डॉक्टरकडे, कुठेही. मांडीवर पिशवी घट्ट धरून पुढे बसायच्या आणि प्रत्येक वळणावर म्हणायच्या, "हळू हो." रंगवाल्यांची स्वतःची आई ते शाळेत असतानाच गेली होती. "हळू हो" म्हणणारं माणूस शेजारी बसलं की त्यांना फार बरं वाटायचं. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणायच्या दिवशी रंगवाले नेमके एका शाळेच्या भिंती मोजत होते, म्हणून दातवाले गेले. त्यांनी गाडीला नुकतेच नवे दिवे बसवले होते. फाटकात शिरताना ते दिवे भिंतीवर पडले आणि सासूबाई नव्या डोळ्याने बघून म्हणाल्या, "अगं बाई, किती पांढरा उजेड हा." तेवढ्यावर दातवाल्यांनी त्यांचा कब्जा घेतला. पुढच्या खेपेलाही तेच न्यायला हजर, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

वर दार आपटलं त्या दिवशी फाटकाशी दातवाले सगळ्यांसमोर म्हणाले होते, "साडूभाऊ, तुमच्या गाडीचे दिवे चहा फार पितात वाटतं. एकदा क्लीनिंगला आणा." सगळे हसले. सासूबाई जरा जास्तच हसल्या आणि रंगवाल्यांना तेच लागलं.

येत्या शनिवारी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. टेकडीवरच्या हॉटेलात संध्याकाळी लवकर जेवायला जायचं ठरलं होतं. कुणाच्या गाडीतून, असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघू, त्या दिवशी ठरवू." म्हणजे जागा अजून रिकामी होती. रंगवाल्यांनी त्याच क्षणी ठरवलं की दातवाल्यांच्या दिव्यांहून पांढरे दिवे आपल्या गाडीला बसलेच पाहिजेत.

पांढरा रंग म्हणजे रंगवाल्यांचं राज्य. दुधी, शंखी, चुन्याचा, हस्तिदंती, मोगऱ्याचा. गिऱ्हाईक "साधा पांढरा द्या" म्हणालं की ते त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत. पण शत्रूचा पांढरा नक्की कुठला, हे कळल्याशिवाय त्याच्या वरचा कसा निवडणार? म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दुकानातलं शेडकार्ड घेऊन दवाखान्याच्या मागे गेले. दातवाले औषधं आणायला निघाले होते. त्यांनी गाडी सुरू करून दिवे लावले आणि काहीतरी विसरलं म्हणून परत आत गेले. रंगवाले लगेच गाडीपुढे उकिडवे बसले आणि एकेक पट्टी दिव्यासमोर धरू लागले.

ते शंखी आणि मोगऱ्याच्या मध्ये असताना दातवाले बाहेर आले.

"साडूभाऊ? इथे काय करताय?"

रंगवाल्यांनी शेडकार्ड पाठीमागे लपवलं आणि दवाखान्यात येण्याचं जे एकमेव कारण सुचलं ते सांगितलं. "दात दुखतोय."

"मग गाडीपुढे काय बसलात?"

"कळ आली. बसलो."

दातवाले माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी औषधांचं काम तसंच सोडलं, साडूंना दंडाला धरून आत नेलं आणि खुर्चीवर आडवं केलं. दुखत नसलेला दात दाखवायचा कुठला, म्हणून रंगवाल्यांनी अंदाजाने मागच्या एका दाढेकडे बोट केलं. दातवाल्यांनी तिथे टोकदार काहीतरी टोचून बघितलं आणि ही वेळेवर आणलीत म्हणून पाठ थोपटली. मग इंजेक्शन झालं, घरघर झाली, दाढ भरली. शेवटी दातवाल्यांनी खणातून खोट्या दातांची एक पट्टी काढली. त्यांचंही शेडकार्ड असतं, हे रंगवाल्यांना त्या दिवशी कळलं. ती पट्टी साडूंच्या तोंडाशी धरून दातवाले हळहळले. म्हणाले, दिवे आणि दात, दोन्हींचा नंबर एकच येतोय तुमचा.

रंगवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण अर्धं तोंड बधिर होतं आणि उत्तर द्यायला उरलेलं अर्धं पुरेना. ते तडक गाडीच्या दिव्यांच्या दुकानात गेले.

दुकानदाराने काउंटरवर खोक्यांची रांग मांडली. खोक्यांवर दोन-दोन आकडे होते, त्यातला एक रंगाचा आणि एक उजेडाचा. दुकानदार समजावून सांगू लागला की रंगाचा आकडा वाढत गेला की दिवा पिवळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा निळा होत जातो, पण त्याने जास्त दिसतं असं नाही. उलट काच निळी केली की उजेड अडतो. मग त्याने सरळच विचारलं, "साहेब, तुम्हाला रंग हवाय की उजेड?"

रंगाच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे अपमान होता. पांढऱ्याला पांढरेपणा कशाने येतो, हे त्यांना कोणी शिकवायचं? कपड्याला नीळ घालतात, चुन्याला नीळ घालतात. चिमूटभर निळं पडलं की पांढरं उठून दिसतं, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगून डबे खपवले होते. त्यांनी बधिर ओठ कसेबसे हलवून "रंग" म्हटलं आणि रांगेतल्या सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत निळ्या खोक्यावर बोट ठेवलं. दुकानदाराने खांदे उडवले आणि दिवे बसवून दिले. जुने पिवळे दिवे काउंटरवर ठेवून त्याने विचारलं की हे बरोबर देऊ का. रंगवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन त्यांनी गाडी भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंत अशी काही झळाळली की शेजारचे दोन पोरगे गॅलरीत आले. आपण स्वतः निवडलेला शंखी रंग त्या उजेडात चक्क बर्फासारखा दिसतोय, हे बघून रंगवाल्यांचं ऊर भरून आलं. बायकोला हाक मारून त्यांनी तिला मुद्दाम बाहेर आणलं.

"भिंत छान दिसतेय," बायको म्हणाली. "पण आपण भिंतीवरून कुठे जाणार आहोत?"

बहिणीचा नवरा तो, त्याचीच बाजू घेणार, असं रंगवाले मनात म्हणाले.

शनिवारी दिवेलागणीला ते सासूबाईंच्या फाटकाशी ठरल्या वेळेच्या बरेच आधी पोचले आणि दिवे चालू ठेवूनच थांबले. सासूबाई नवीन साडी नेसून बाहेर आल्या, दोन पावलं चालल्या आणि डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या.

"अहो, हा तर हॉस्पिटलातला उजेड," त्या म्हणाल्या. "आत्ताच तिथून सुटून आलेय मी. घालवा बघू तो आधी."

तेवढ्यात दातवाल्यांची गाडी वळणावरून आली. तिचे दिवे पिवळे होते. मऊ, मळकट, चहा प्यायलेले पिवळे. दुसऱ्या कुणाला तो नुसता पिवळा वाटला असता, पण रंगवाल्यांनी आयुष्यात एकदा पाहिलेली छटा कधी विसरली नव्हती, आणि ही छटा तर ते रोज रात्री घरी घेऊन येत होते.

"हे दिवे कुठून आणलेत?" त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं.

दातवाले ओशाळले. मग खालच्या आवाजात त्यांनी सगळं सांगून टाकलं. आठवडाभर सासूबाई त्यांच्या गाडीत बसून एकच टकळी लावत होत्या, की हे पांढरं डोळ्यांत टोचतं, रंगवाल्यांचे दिवे कसे सायीसारखे आहेत. ऐकून ऐकून दातवाल्यांचं डोकं उठलं होतं. "शेवटी गेलो दुकानात. म्हटलं, साडूंच्या गाडीत आहेत तसले द्या. तो म्हणाला, तसले कशाला, तेच घेऊन जा."

सासूबाई तोवर दातवाल्यांच्या गाडीत पुढे बसल्याही होत्या. "बरं वाटलं गं डोळ्यांना," असं त्या धाकट्या मुलीला म्हणाल्या आणि ते रंगवाल्यांना स्पष्ट ऐकू आलं. आपलेच दिवे, आपलीच सासू, आणि गाडी दुसऱ्याची. रंगवाल्यांचं जे काही दुखलं ते कुठल्याही दवाखान्यात भरून मिळणारं नव्हतं.

टेकडीच्या रस्त्याला धुकं उतरलं होतं. रंगवाल्यांचे दिवे लागले की धुकं अतिशय सुंदर दिसे. रस्ता मात्र अजिबात दिसत नसे.

"मला भिंत दिसतेय," शेजारून बायको म्हणाली. "पांढरी शुभ्र. तुमच्या आवडीची."

उपाय एकच होता. पुढच्या गाडीचा माग धरायचा. त्यांनी दातवाल्यांच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर रोवली आणि ते जिथे नेतील तिथे निमूट गेले. दातवाले रस्ता चुकून एका बंगल्याच्या अंगणात शिरले तर हेही शिरले. बंगल्याचे मालक पायरीवर येऊन बघत राहिले. दातवाल्यांनी हात जोडले, मग रंगवाल्यांनीही जोडले आणि दोन्ही गाड्या एकामागे एक बाहेर पडल्या. हॉटेलाच्या फाटकात लाल दिवे एकदम डावीकडे गेले, तेव्हा मात्र यांना जरा उशीर झाला आणि गाडी एका मोठ्या सिमेंटच्या कुंडीला घासली. कुंडीचा रंग रंगवाल्यांच्याच दुकानातला होता. तो निघाला नाही. गाडीचा निघाला.

जेवताना कुंडीचा विषय निघणार होताच. दातवाल्यांनी तो सूपबरोबरच काढला. रंगवाल्यांनी धुक्यावर ढकलून बघितलं, रस्त्यावर ढकलून बघितलं, पण बायकोने नीळ, भिंत आणि बंगल्याचं अंगण असं सगळं सांगून टाकलं. मेव्हणी हसून हसून लाल झाली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला येताना काही दिसतच नव्हतं?"

"थोडं दिसत होतं, आई."

"काय दिसत होतं?"

रंगवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुमची गाडी."

 सासूबाई पिशवी उचलून मांडीवर घेत म्हणाल्या, "जाताना मी यांच्या गाडीत बसते. कुणीतरी रस्ता सांगायला नको का?"

दातवाल्यांनी लगेच सुचवलं की त्यांच्या गाडीत किती छान दिसतं. "तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला माझी काय गरज?"

परतीचं धुकं तेच होतं आणि दिवेही तेच. फरक इतकाच की शेजारी सासूबाई होत्या आणि त्यांचा नवा कोरा डोळा होता. "डावीकडे खड्डा. आता वळण. एक माणूस चाललाय, काळी छत्री आहे, हळू हो. दगड आहे, दगड नाही, कुत्रं आहे, थांबा, उठलं ते. हळू हो." इतक्या वेळा "हळू हो" त्यांनी पूर्वी कधीच म्हटलं नव्हतं. रंगवाले बैलगाडीच्या चालीने गाडी हाकत होते आणि टेकडी संपूच नये असं त्यांना वाटत होतं. मागच्या सीटवर बायको बसली होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे आरशातून दिसायला तिला कुठलेच दिवे लागत नव्हते.

नंतरच्या आठवड्यात तिने एकदाच विचारलं, दिवे कधी बदलणार. रंगवाले म्हणाले, "बघू." तिनेही पुन्हा विचारलं नाही. सासूबाईंचं मात्र पक्कं झालं होतं. कुठेही जायचं असलं की त्या थोरल्यांना फोन करत, कारण त्या बिचाऱ्यांना एकट्याने गाडी चालवता येत नव्हती.

एका संध्याकाळी रंगवाले दुकानातून बाहेर आले, तर त्यांच्या गाडीपुढे कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. दातवाले होते. हातात खोट्या दातांची पट्टी होती आणि ते एकेक दात निळ्या काचेशी धरून बघत होते.

"काय दातवाले?"

दातवाले ताडकन उठले. दिव्यांच्या दुकानात ते आधीच जाऊन आले असणार. तिथे त्यांना काय सांगितलं गेलं हे रंगवाल्यांना माहीत होतं, कारण ते स्वतः विचारून आले होते. यात कुणालाच काही दिसत नाही म्हणून कंपनीने ते दिवे बंद केले होते आणि शेवटची जोडी ह्यांच्याच गाडीत होती. पण हे दातवाले कसे कबूल करणार? त्यांनी पट्टी खिशात कोंबली आणि रंगाच्या दुकानापाशी येण्याचं जे एकमेव कारण सुचलं ते सांगितलं.

"आमच्या बंगल्याला रंग द्यायचा विचार आहे."

रंगवाल्यांनी त्यांचा दंड प्रेमाने धरला आणि त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. "वेळेवर आलात," ते म्हणाले आणि त्यांनी शेडकार्ड उघडलं. रंगवाल्यांची एक दाढ भरून भागलं होतं. दातवाल्यांना आतून-बाहेरून सगळा बंगला रंगवावा लागला.