डुलकीची घंटा

हुकूमदाराने एका ओळीचा हुकूम टाइप केला, एंटर दाबलं, आणि अख्ख्या गावाची जाग पुसून टाकली.

त्याचं हे नाव कंपनीने पाडलेलं. बाकीचे लोक रंगीत बटणं दाबून कामं करत, हा मात्र काळी चौकट उघडून हुकूम सोडायचा. हे चालू कर, ते बंद कर, याला त्याच्याशी बांध. आणि दूर कुठल्याशा गावची भाड्याची यंत्रं मुकाट ऐकायची. घरी हुकूम इतरांचे चालत, त्याची कसर इथे भरून निघे.

कंपनीचं अ‍ॅप होतं 'डुलकी'. दुपारी जेवून आडवं व्हावं, फोन उशाशी ठेवावा. आतून लाटांसारखी अंगाई सुरू होई, आणि नेमल्या वेळी एक हळुवार घंटा. अंगाई अ‍ॅपमध्येच होती. घंटा मात्र वेगळ्या यंत्रावर नांदणारी वेगळी सेवा, आणि दोघींची गाठ हुकूमदाराने मारून दिलेली. गाव बंदराचं, हवा सुस्त. डुलकीशिवाय झोपणारा माणूस गावात शोधूनही सापडला नसता. ऑफिसातही साहेबांचा नियम होता, आपण विकतो ते आपण आधी चाखायचं. त्यामुळे दुपारी सगळी डोकी टेबलांवर टेकलेली असत आणि पहाऱ्याला एकटा हुकूमदार.

त्या दिवशी झोपता झोपता साहेब म्हणाले, "ती चाचणीची घंटा उगाच पडून आहे. काढून टाका."

आता खरी घंटा एका काळ्या चौकटीत आणि चाचणीची दुसरीत. चौकटी जुळ्या बहिणींसारख्या, घंटेचं नावही दोन्हीकडे घंटाच. घोटाळा नको म्हणून खऱ्या चौकटीच्या जागी हुकूमदाराने स्क्रीनच्या काचेवर लाल कागदाचा तुकडा डकवला होता. खूण झकास होती. चौकट सरकवली की सरकते आणि काचेवरचा कागद जागचा हलत नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

काहीही काढण्याआधी यंत्र विचारायचं, "नक्की?" पण हुकूमदाराला उलट विचारलेलं खपत नसे. तो प्रत्येक हुकमाला 'विचारू नकोस' असं शेपूट जोडूनच द्यायचा.

यंत्राने विचारलं नाही. "घंटा काढली," एवढं कळवलं. मग त्याने दोन्ही चौकटी तपासल्या. चाचणीची घंटा आपल्या जागी सुखात होती.

गाव झोपलंय ते झोपलंय, असं म्हणून तो कदाचित स्वस्थ बसलाही असता. पण घरी त्याची बायको झोपली होती. बंदरावर निवेदिकेची जागा निघाली होती, आणि दुपार कलली की तिची आवाजाची परीक्षा. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. आवाज ताजा राहावा म्हणून ती जरा पडली होती, आणि तेही ह्याच्या शब्दावर. "जग उलटं होईल, पण आमची घंटा चुकायची नाही," असं तो सकाळीच म्हणाला होता.

त्याने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, तिला उठवता का जरा?"

"घंटा झाली?"

"नाही, पण..."

"मग नाही. तिनं बजावलंय, घंटेआधी हात लावायचा नाही म्हणून."

"अहो, आज घंटा जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. होईल."

"होणारच. तुम्हीच म्हणालात ना, जग उलटं होईल म्हणून. मला तर अजून सुलटंच दिसतंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याने नवी घंटा मागवली. "काम चालू आहे," यंत्र म्हणालं. खिडकीतून ऊन मधासारखं संथ आत येत होतं. बऱ्याच वेळाने घंटा तयार झाली. त्याने ती अ‍ॅपशी बांधली. पण गाठ मारली तरी अ‍ॅपला ती झोपून उठल्याशिवाय दिसत नाही, म्हणून अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू केलं.

आणि गावभर अंगाई पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

ज्यांचा एक डोळा उघडत आला होता, त्यांनी तोही मिटला. साहेबांनी मिटक्या मारल्या. ठरली वेळ आली, घंटेची पाळी आली, आणि घंटा गप्प. नवी घंटा रिकामी होती. टणत्कार जुन्या घंटेबरोबर गेला होता, आणि चाचणीची घंटा तर पहिल्यापासूनच मुकी.

"साहेब, घंटेचा आवाज अजून कुठं ठेवलाय का?" त्याने साहेबांचा खांदा हलवला.

"समुद्रात," साहेब डोळे मिटूनच म्हणाले.

"समुद्रात कुठं?"

"भरती येऊ दे. मग देतो." आणि साहेबांनी कूस बदलली.

अंगाई हुकूमदाराच्याही अंगात भिनायला लागली. टेबलं होड्यांसारखी डुलतायत असं त्याला वाटलं. स्वतःलाच चिमटा काढून त्याने खिशातला फोन चाळला. त्यात एकच आवाज होता. बायकोने सकाळी सराव म्हणून पाठवलेला, खाली लिहिलेलं, "ऐकून सांगा." त्याने अर्थातच ऐकला नव्हता. आताही ऐकायला सवड नव्हती. त्याने तो तसाच घंटेत भरला आणि हुकूम देऊन आपल्या हाताने घंटा वाजवली.

गावातल्या प्रत्येक उशीतून एक गोड, ठाम आवाज आला, "प्रवाशांनो, बोट सुटण्याची वेळ झाली आहे. आपापलं सामान घ्या आणि शांतपणे धक्क्यावर या."

माणूस अर्धवट झोपेत असला की सांगितलं तसं करतो. साहेब उठले, हाताला लागली ती उशी काखेत मारली आणि दाराकडे निघाले.

"साहेब, कुठं?"

"बोट," साहेब म्हणाले. यात विचारण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा होता.

हुकूमदार खिडकीशी गेला. रस्त्याने गाव चाललं होतं. न्हावी उशी घेऊन, त्याच्यामागे गळ्यात फडकं बांधलेलं, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर पांघरूण ओढत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पावलांचाही आवाज नव्हता. ढग खाली उतरून रांगेत निघाले तर असेच दिसतील.

बायकोही आपल्याच आवाजाने जागी झाली. घड्याळ बघून केस बांधत धावत सुटली आणि धक्क्यावर पोचली, तर तिथे ही जत्रा. सगळ्यांत पुढे तिची परीक्षा घेणारे तिघे परीक्षक, एकाच्या पायात एकच बूट. समोर बोट नाही, नुसतं पाणी. आणि रांग अजून पुढे सरकतेच आहे.

तिने कसलाही विचार केला नाही. सूचनांच्या खोलीत शिरून माइक चालू केला.

"प्रवाशांनो, आज बोट नाही. जिथे आहात तिथे थांबा. आता मागे वळा. उशा सांभाळा, पायऱ्या ओल्या आहेत. सावकाश आपापल्या घरी जा."

रांग थांबली, वळली आणि शहाण्या मुलांसारखी परत निघाली. मुख्य परीक्षकांनी डोळे चोळले, पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, तुमची वेगळी परीक्षा घ्यायची काही गरज नाही. पण आम्ही इथं आलो कसे?"

"चालत आलात," ती म्हणाली. "उद्यापासून रुजू होऊ?"

"आजच व्हा. आमच्यातला एकजण अजून पुढेच चाललाय."

संध्याकाळी हुकूमदार घरी आला, तो दाराशीच घुटमळला. बायको पुढे आली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

"अहो, माझा आवाज घंटेत घालायचं तुम्हाला सुचलं कसं? मला वाटलं, तुम्ही ऐकलासुद्धा नसेल. आणि तुम्ही तो गावाला ऐकवलात. माझ्यासाठी."

इतक्या मऊ आवाजात ती कैक वर्षांत बोलली नव्हती. हुकूमदार तसा सरळ माणूस. त्याला राहवेना.

"अगं, खरं सांगायचं तर, दुपारी माझ्या हातून..."

कोपऱ्यात सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

हुकूमदाराने उलट प्रश्नाला जन्मात पहिल्यांदाच मान दिला. थोडा वेळ विचार केला.

"नाही," तो म्हणाला, आणि सासूबाईंच्या शेजारी शेंगा सोलायला बसला.