अर्ध्या कटिंगचे ढोके सर

एका सोमवारी ढोके सर अर्धी कटिंग करून कॉलेजात आले. अर्धी म्हणजे अगदी मोजून अर्धी. उजवीकडे भादरलेलं, डावीकडे केस कानावर आलेले. मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते, तो शिक्का माझ्याच बोटावर बसला.

"अगं बाई! सर, हे काय?"

"बुडीत खर्च, मॅडम," सर शांतपणे म्हणाले. "उजवी बाजू त्यानं बिघडवली. पैसे तर मी आधीच देऊन बसलो होतो. गेलेले पैसे काही वापस येत नाही. मंग त्याच्यापायी डावी बाजू कायले खराब करून घेऊ? उठलो."

आणि हा माणूस तसाच वर्गावर गेला! उजवा गाल पोरांपुढे करून म्हणे, "हा झालेला खर्च, याच्यासाठी रडाचं नाही." मग डावा गाल करून, "अन् हा पुढचा निर्णय, याचाच विचार कराचा." त्या वर्षी विद्यापीठाच्या पेपरात बुडीत खर्चावर प्रश्न आला, तर आमच्या आर्णीच्या झाडून सगळ्या पोरांनी उदाहरण म्हणून न्हावी लिहिला.

ढोके सर बी.कॉम.ला वित्तीय व्यवस्थापन शिकवायचे. कंपनीनं पैसा कुठं लावावा, कुठून आणावा आणि उरलाच तर कोणाला वाटावा, एवढ्या तीन प्रश्नांत सगळा विषय संपतो, असं त्यांचं म्हणणं. पण आर्णीत कंपनी आणायची कुठून? पोरांनी कंपनी पाहिली असेल तर ती लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, तीही फाटकाबाहेरून. म्हणून सरांनी स्वतःलाच कंपनी करून टाकलं होतं. एकेचाळीस वर्षांचा एकटा जीव, बसस्टँडमागे एका खोलीत भाड्यानं राहणारा, पण बोलणं असं की जसं काही संचालक मंडळ समोर बसलं आहे.

विहारात वंदनेला आले की डावी चप्पल पुढच्या दारात काढायचे आणि उजवी मागच्या दारात. "एकटी चप्पल कोणी नेत नाही, मॅडम. जोखीम वाटून टाकाची." चोराचं काही चाललं नाही, हे खरं. पण एका पौर्णिमेला झाडलोट करणाऱ्या मावशीनं मागच्या दारातली ती एकटी चप्पल पाहिली आणि कोणीतरी फेकली असेल म्हणून उकिरड्यावर टाकून दिली. सर एका पायात चप्पल घालून भर बाजारातून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणे, "अर्धं भांडवल तर वाचलं!" आता या माणसाला काय बोलावं?

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं अळीनं खाल्लेली, भाव पडलेला, आणि आज ना उद्या चढेल म्हणून ज्याच्या त्याच्या घरात कापूस कोंबलेला. गावाच्या तोंडी एकच वाक्य होतं. लग्न कधी? कापूस विकला की. घराला रंग? कापूस विकला की. एकदा कँटीनवाला सहज बोलून गेला, "सर, कापूस विकला की तुमाले चहा पाजतो." झालं! सर उठून उभेच राहिले.

"तवा पाजशील तर सव्वा कप पायजे."

"सव्वा काहून जी?"

"थांबाचं मोल लागते, राजा! आजचा कप अन् तवाचा कप सारखा नसते."

अर्धा तास हे चाललं. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात जोडले आणि तिथल्या तिथं चहा पाजला.

त्यातल्याच एका हिवाळ्यात मला स्थळ आलं. मी तेव्हा चौतीसची. मुलगा पुसदचा, नोकरीवाला, शांत. बाबांच्या बैठकीत छातीएवढा कापूस भरलेला, मग पाहुण्यांना बसवायचं कुठं? ढिगावरच चादरी अंथरल्या. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे, पण सोयरिकीला आलेल्या माणसानं लोकांच्या घरी खाजवावं कसं? मुलाची आई पोहे खाता खाता नुसती इकडून तिकडे सरकत होती. त्याचे मामा 'जरा हवा घेतो' म्हणून अंगणात गेले ते गोठ्याच्या खांबाला पाठ घासताना सापडले. तरीही मी पसंत! बाबा म्हणाले, "इतकी खाज सोसून हो म्हणून राह्यले बाई, माणसं चांगली दिसते. रविवारी मले जबाब दे."

मला नाही म्हणायचं होतं. आता का म्हणून विचाराल तर लपवत नाही. मला ढोके सर आवडायचे. तीन वर्षांपासून आवडायचे. पण बाईमाणसानं आपण होऊन कसं बोलायचं, आणि ते तर जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे, हा एक सोडून! म्हणून मी त्यांनाच जाऊन सगळी हकीकत सांगितली, खाजेसकट, आणि विचारलं, "सर, काय करू? हो म्हणू का?" मनात म्हटलं, आता तरी तोंड उघड रे बाबा.

सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "दोन दिवस द्या. मांडणी करतो," म्हणाले.

शनिवारी आले, माझ्या टेबलावर घडी केलेला कागद ठेवला आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर पळाले. कागद पट्टीनं आखलेला. पुसदच्या मुलाचं उत्पन्न: स्थिर. जोखीम: कमी. स्वभाव: चांगला (स्वतः पुसदला जाऊन, शेजारी तीन घरी विचारून खात्री केली). खाज सोसण्याची तयारी: उत्तम. हसू की कपाळ बडवू, मला समजेना.

सगळ्यात खाली एक रकाना होता, संधी खर्च. त्याच्यापुढे, पोरांना सांगतात तसंच, 'एक निवडलं की दुसरं जे हातचं जाते, ते.' आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'ढोके. वय एकेचाळीस. पोळ्या सोडून सगळा स्वयंपाक येतो. लोक हसतात, पण काहून हसतात हे समजत नाही. रोज ग्रंथालयात जातो, पुस्तक लागते म्हणून नाही. घर: भाड्याचं. घरी वाट पाहणारी माणसं: पुसदकडे पाच आणि एक म्हैस. ढोकेकडे शून्य.'

त्याखाली दोन रेघा मारून निष्कर्ष: 'पुसद स्वीकारावे.'

मला असा राग आला, असा राग आला! मेल्यानं आयुष्यात एकदाच मनातलं सांगितलं, तेही स्वतःला हरवून! डोळे भरले होते, तरी तशीच तरातरा वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"सर, तुमचं गणित चुकलं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं त्यांना. खडू हातात तसाच धरून व्हरांड्यात आले. "कुठं चुकलं?"

मी शून्यावर बोट ठेवलं. "इथं. हे कोणाले विचारून लिहिलं? वाट पाहणारं एक माणूस आहे. एक करा तिथं."

सर कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"मॅडम," सर म्हणाले, "मंग तर निष्कर्ष बदलते."

"बदलू द्या ना!"

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण निघेना, मीच काढून दिलं. दारात सगळा वर्ग माना लांब करून उभा. विद्यापीठात पहिला आलेला माणूस, पण तेवढा एक आकडा लिहायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली, आणि लिहिला तोही वाकडा.